ऐनवाडीच्या जीपला मोठे टायर

मोठे टायर घालायला आलेल्या माणसाला मी आधी विचारते, "जाणार कुठे?" चौक-कर्जत रस्त्यावर आमचं टायरचं दुकान आहे, तेव्हा उत्तरं बहुतेक ठरलेली. कुणाला धबधब्यापर्यंत गाडी न्यायची असते, कुणाला स्वतःच्या फार्महाऊसपर्यंत. फार्महाऊसला तर दारापर्यंत डांबरी असते. "मग मोठे कशाला?" म्हटलं की माणूस जरा लाजतो. "दिसायला बरे वाटतात हो." हे उत्तर प्रामाणिक आहे आणि माझा त्याला विरोध नाही. लोक मिशा ठेवतात त्याही दिसायलाच. पण मग मी त्याला तोटे सांगायला बसते आणि ते ऐकून घेतल्याशिवाय पान्याला हात लावत नाही. यामुळे बरीच गिऱ्हाइकं पुढच्या दुकानात गेली. गेली तर गेली.

या अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं, "बाई असून टायरचं दुकान चालवलंत, त्याबद्दल लिहा." त्यात लिहिण्यासारखं फारसं नाही. टायरला बाई-पुरुष कळत नाही. नट सैल राहिला तर चाक कुणाच्याही हातचं निघतं. मी लिहिणार आहे ते एका जीपबद्दल आणि तिच्यापायी मी जे वैर घेतलं त्याबद्दल. ते वैर अजून फिटलेलं नाही आणि फिटावं असं मला वाटतही नाही.

तरी ओळखीपुरतं सांगते. मी शोभा, लोधिवलीच्या बाजूच्या बौद्धवाडीतली. लग्नाआधीपासून खोपोलीला एका कारखान्यात होते. घासून गुळगुळीत झालेल्या टायरवर नवं रबर चढवायचं तिथलं काम. कारखाना बंद पडला तेव्हा हाताशी दुसरं काही नव्हतं, पण बोट फिरवलं की टायर किती चालला आणि किती चालेल हे कळत होतं. नवरा एकनाथ ट्रकवर होता. दोघांनी मिळून दुकान टाकलं. गाडी उचलायची त्यांनी, गिऱ्हाइकाशी बोलायचं मी. गावात मला 'पंक्चरवाली' नाव पडलं. चिडवायला ठेवलेलं नाव मी पाटीवर रंगवून घेतलं. त्यानंतर कुणी चिडवलं नाही.

आता टायरचं थोडं. गाडीबरोबर आलेल्या टायरच्या अंगावर आकडे असतात. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा उंचीचा, शेवटचा आतल्या रिंगेचा. लोक मोठा म्हणतात तेव्हा बहुतेकांना रुंद हवा असतो, कारण रुंद टायर मागून बघायला भारी दिसतो. दगडधोंड्यातून जायला मात्र कामाला येते ती उंची. त्यातही गंमत अशी, की टायर दोन इंचांनी उंच केला तर गाडीचं पोट एकच इंच वर जातं, कारण धुरी, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा दांडा, चाकाच्या मध्यावर असते. एका इंचासाठी मोजावं काय लागतं? गाडी डिझेल जास्त पिते. चढावर दम खाते. ब्रेक दाबल्यावर थांबायला आधीपेक्षा लांब जाते. काट्यावर दिसतो त्याहून खरा वेग जास्त असतो. स्टिअरिंग जड होतं, आणि पूर्ण वळवलं की टायर मडगार्डला घासतो. चारही चाकं ओढणारी गाडी असेल तर चारही टायर सारखे लागतात, स्टेपनीसुद्धा तशीच लागते, नाहीतर आतले गिअर एकमेकांशी भांडून मरतात. एवढं सगळं त्या एका इंचासाठी.

हे शहाणपण सगळं माझं नाही. मुलुंडच्या एक बाई होत्या, कॉलेजात शिकवायच्या आणि सुट्टी मिळाली की स्वतःची जीप घेऊन एकट्या डोंगरात जायच्या. त्यांना मोठे टायर विकायला मी टपले होते, तर त्यांनी मलाच खाली बसवलं. त्यांच्या टायरमधली अर्धी हवा सोडली आणि चिखलाने लडबडलेल्या आमच्या मागच्या अंगणातून जीप आरामात फिरवून आणली. "टायर पसरला की जमीन धरतो, शोभाताई. मोठा घेण्याआधी आहे तो मऊ करून बघायचा." मी आयुष्यभर हवा भरत आले होते. हवा काढणंही कामाचं असतं, हे मला त्या बाईंनी शिकवलं. त्या दिवशी एकही टायर विकला गेला नाही, पण ती शिकवणी मला पुरून उरली.

आणि मग भिवा आला.

भिवा ऐनवाडीचा. ऐनवाडी म्हणजे आमच्या रस्त्यापासून आत, डोंगराच्या पहिल्या टप्प्यावरची वस्ती. सरकारी लिलावात निघालेली एक जुनी फोर-बाय-फोर जीप वाडीने मिळून घेतली होती आणि ती भिवा चालवायचा. भाजी, माणसं, आजारी, नवरा-नवरी, सगळं त्याच जीपमधून खाली यायचं. पावसाच्या तोंडावर तो दुकानात आला, जीपच्या खाली वाकला आणि म्हणाला, "ताई, हे बघा जरा."

मी खाली शिरले. मागच्या धुरीच्या मधोमध लोखंडी गोळा असतो, त्यात गिअर असतात. तो गोळा दगडांनी ठेचून निघाला होता. सायलेन्सर तारेने बांधलेला.

"कुठून आणतोस रे गाडी? तुमची वाट तर चांगली आहे."

"होती," भिवा म्हणाला. "आता नाय. खालची जमीन विकली गेली. रिसॉर्ट होतोय तिथं. शेठनी वाटेवर जेसीबीनी चर खणला, आडवा. आता आमी ओहोळातून येतो."

"ओहोळातून? जीप?"

"मग काय उडवत आणू? गेल्या पावसात माज्या मेव्हण्याला पान लागलं." पान लागलं म्हणजे साप चावला. आमच्याकडे सापाचं नाव घेत नाहीत. "झोळीत घालून ओहोळानं आणला. जीप दगडावर बसली होती, निघंना. डांबरीवर आलो तवा तो नव्हताच."

त्याने हे अगदी सपाट आवाजात सांगितलं. मग टायरवर लाथ मारून म्हणाला, "मोठे टायर घाला ताई. ते रिसॉर्टवाल्यांच्या गाड्यांना असतात तसे. रुंद."

दुसऱ्या दिवशी दुकान एकनाथांवर सोडून मी भिवाबरोबर ती वाट बघायला गेले. गाडी कुठे जाणार हे बघितल्याशिवाय टायर ठरवायचा नाही, हा माझा नियम, आणि इथे तर विचारून भागणार नव्हतं. आधी जुन्या वाटेने गेलो. बैलगाडीची जुनी वाट. रिसॉर्टच्या कुंपणाला लागून जाते आणि डांबरीला मिळते. मिळायच्या जरा आधी चर. माझ्या कमरेइतका खोल, काठावर मातीचा ढीग. ढिगावर पाटी, 'खासगी जागा. आत येऊ नये.' मी त्या पाटीपाशी उभी राहिले आणि मला आमच्या आजीचं बोलणं आठवलं, गावच्या विहिरीवर पाण्याला गेलं की तिची वाट कशी अडवायचे ते. पाणी तेच, वाट तीच, फक्त आता अडवणाऱ्याकडे जेसीबी आलाय. भिवाला टायर घालून द्यायचेच, हे माझं तिथंच ठरलं.

मग ओहोळ पाहिला. सुके गोटे, घमेल्याएवढे. गाडी जायची ती दोन मोठ्या शिळांमधल्या फटीतून.

"रुंद टायर इथं अडकेल," मी म्हटलं. "तुला अरुंद आणि उंच टायर लागेल. वरचे रबराचे ठोकळे जाड, बाजू जाड, दगडाने फाटणार नाही असा."

"पण तो बारीक दिसतो ताई. वाडीतली पोरं हसतील."

"हसू दे. हसणाऱ्यांना सांग, खाली उतरा आणि ढकला."

तो हसला. पहिल्यांदाच.

टायर निवडताना मी एक काळजी घेतली. भिवाला आणखी उंच हवा होता. मी त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनी जो देते त्याच मापाचा घातला, त्याहून बोटभरही मोठा नाही. गरिबाची गाडी रस्त्यावर आधी थांबवतात, हे मला पक्कं माहीत होतं. एकनाथांनी चारही चाकं चढवली, पाचवं स्टेपनीला दिलं, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून कुठे घासत नाही ना हे तीनतीनदा बघितलं. जाताना मी भिवाला खिडकीतून बजावलं, "हे बघ, या टायरने गाडी उंच झाली, जड नाही झाली. वाहत्या पाण्यात हाच टायर तुझा वैरी. पाणी उचलेल गाडीला. ओहोळ भरला की घालायची नाही. काही झालं तरी नाही."

"मग पावसात आमी काय करायचं?"

याचं उत्तर टायरात नव्हतं. ते वाटेवरचा चर बुजवण्यात होतं.

थोड्याच दिवसांनी रिसॉर्टचे शेठ स्वतः दुकानात आले. मुंबईचा माणूस, बोलायला गोड. त्यांना पाहुण्यांना डोंगरात फिरवायला तीन जीप तयार करायच्या होत्या. टायर चांगले अगडबंब हवे होते. तीन गाड्या म्हणजे आमच्या दुकानाला मोठं काम. एकनाथांनी लगेच खुर्ची पुसली. बोलता बोलता शेठ म्हणाले, "त्या ऐनवाडीच्या जीपला तुम्हीच टायर घातलेत ना बाई? यापुढे तिचं काम नका घेऊ. फार उपद्रवी लोक आहेत ते."

"काय उपद्रव दिला त्यांनी?"

"ये-जा करतात सारखी."

मी पाना खाली ठेवला. "शेठ, तुम्ही वाट मोकळी करा. तुमच्या तिन्ही गाड्यांचं काम मी मनापासून करून देते."

"वाट माझ्या जमिनीतून जाते."

"तुमची जमीन वाटेला लागून आहे. वाट तुमच्या आधीची आहे."

शेठ हसले. "बाई, तुम्ही टायर विका ना."

"तेच करतेय. कुणाला विकायचे तेही मीच ठरवते. तुमचं काम माझ्याकडे होणार नाही."

ते गेले. एकनाथांनी पुसलेली खुर्ची पुन्हा भिंतीला लावली. मग म्हणाले, "शोभा, पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात."

"मासा कोण आणि पाणी कोणाचं, ते आधी बघूया," मी म्हटलं. बोलले खरं, पण धंदा बसेल ही भीती मलाही होती. आणि झालंही तसंच. आजूबाजूच्या फार्महाऊसवाल्यांच्या गाड्या आमच्याकडे यायच्या बंद झाल्या. समोरून जायच्या आणि काचा वर असायच्या. रिक्षा, टेंपो, ट्रॅक्टर यांच्यावर आम्ही तग धरला. मी पाटी पुन्हा एकदा रंगवून घेतली, आधीपेक्षा मोठ्या अक्षरांत.

पाऊस लागला. भात लावणीच्या दिवसांत भिवाचा निरोप आला, पुढून डाव्या चाकातून कुरकुर आवाज येतो. तो सकाळी उघडीप बघून मला न्यायला आला. ओहोळात घोट्याएवढं पाणी होतं, जीप दगडांवरून मांजरासारखी गेली. वर जाऊन पाहिलं तर मडगार्डचा एक पत्रा वाकून टायरला लागत होता. ठोकून सरळ केला. भिवाच्या बायकोने, पारूने, मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. कुर्डूची रानभाजी आणि नाचणीची भाकरी. आम्ही जेवत असतानाच डोंगरावर काळोख दाटून आला आणि असा पाऊस कोसळला की समोरचं घर दिसेना.

त्याच पावसात भिवाच्या सुनेच्या, सुगंधीच्या, कळा सुरू झाल्या. दिवस अजून भरले नव्हते. पहिलंच बाळंतपण. वाडीतली जाणती म्हातारी आत गेली आणि बाहेर येऊन मान हलवली. "मूल आडवं हाय. माज्या हातचं काम नाय हे. दवाखान्यात न्या."

सुगंधीचा नवरा पनवेलला कामावर. फोनला वाडीत रेंज नाही. भिवाने सुगंधीला जीपमध्ये मागे गोधडीवर निजवलं, पारू तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली, मी पुढे. मागून वाडीतले पाचसहा गडी आणि बायका पळत निघाले. उतार संपला आणि ओहोळाचा आवाज आला. गोटे पाण्याखाली एकमेकांवर आपटत होते. लाल पाणी, कमरेच्या वर, फेसाळत चाललेलं.

भिवाने पहिला गिअर टाकला.

"थांब!" मी त्याचा हात धरला.

"ताई, सोडा. मोठे टायर हायत."

"मीच घातलेत ते. मी सांगते ना, उचलून नेईल पाणी. चौघंही जाऊ."

"मग मेव्हण्यावाणी करू हिचं? बघत बसू?"

त्याचा आवाज फाटला होता. मागे पारू रडत होती. सुगंधी रडत नव्हती, तिने दात खाऊन गोधडी धरली होती. मी त्या पाण्याकडे बघितलं आणि मला एकदम संताप आला. पाण्याचा नाही. पाणी त्याच्या वाटेने चाललं होतं. आम्ही आमच्या वाटेने का जात नव्हतो?

"गाडी वळव," मी म्हटलं. "चराकडे चल."

चरापाशी पोचलो तेव्हा मागची माणसंही येऊन मिळाली. तिथे फोनला रेंज आली. मी अँब्युलन्सला फोन लावला, ती दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली होती, यायला वेळ होता. एकनाथांना फोन केला, आमच्याकडे तेव्हा दुचाकी होती फक्त. डांबरी समोर दिसत होती, दगड मारला तर पोचेल इतकी. मध्ये चर, पाण्याने भरलेला.

कुंपण दगडाचं होतं. रचलेलं, चुना-सिमेंट न लावलेलं.

मी खाली उतरले, त्या कुंपणाचा वरचा दगड उचलला आणि चरात टाकला. पाणी माझ्या तोंडावर उडालं. वाडीतल्या बायका क्षणभर बघत राहिल्या. मग एकीने पदर खोचला. मग सगळेच लागले. चाकं जातील तेवढ्या दोन पट्ट्यांत दगड टाकायचे, मध्ये नाही, असं मी ओरडून सांगत होते. काठावरची ढिगाची माती गड्यांनी लोटून उतार केला. पाटी त्या मातीबरोबर चरात गेली.

इतक्यात रिसॉर्टचा मॅनेजर छत्री घेऊन धावत आला. इथलाच, पोशीर गावाकडचा मुलगा, नाव नाही लिहीत. "अहो ताई, काय करताय! शेठ मला कामावरून काढतील!"

मी त्याचा हात धरून त्याला जीपच्या मागे नेलं. सुगंधीने डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं. त्याने आपली छत्री पारूच्या हातात दिली, कारण जीपच्या ताडपत्रीतून पाणी गळत होतं. दगडाला त्याने हात लावला नाही, पण आम्हाला अडवलंही नाही. भिजत उभा राहिला.

मी चारही चाकांची हवा सोडायला बसले. भिवाला काही कळेना. "ताई, हवा कशाला काढताय?"

"पायात चप्पल असली की दगडावर घसरतो. अनवाणी पाय धरतो. तसंच आहे हे. लो गिअर टाक, फोर-बाय-फोर लाव, आणि सरळ जाऊ नको. तिरका जा, एकेक चाक उतरू दे. ब्रेकला पाय लावू नको."

सुगंधीला उतरवून पलीकडे उचलून न्यावं असं एकजण म्हणाला, पण चराचा काठ साबणासारखा झाला होता. धरणारेच आधी घसरले असते. ती जीपमध्येच राहिली. मी पुढे चराच्या पलीकडे जाऊन उभी राहिले आणि हाताने खुणा करू लागले. पुढचं डावं चाक दगडांवर उतरलं. दगड हलले, बसले. मऊ झालेला टायर त्यांच्यावर पिठाच्या गोळ्यासारखा पसरला. मग उजवं उतरलं. जीप अशी कलली की आतून पारूची किंकाळी आली. पुढची चाकं वर चढली. मागचं चाक उतरलं आणि मी चिखलात आडवी होऊन खाली बघितलं. मागच्या धुरीचा तो ठेचलेला गोळा आणि चराचा काठ यांच्यामध्ये उजेडाची एक फट दिसत होती. इतकीशीच. जुने टायर असते तर गोळा काठावर बसला असता आणि चाकं हवेत फिरत राहिली असती. मी आयुष्यभर लोकांना सांगत आले होते, एका इंचासाठी एवढं कशाला. त्या दिवशी तो इंच मी डोळ्यांनी पाहिला.

"चल! चल! चल!"

जीप गुरगुरली, ठोकळ्यांनी काठ चावला, आणि ती वर आली. डांबरीवर. वाडीची माणसं पावसात नाचली हो. मी तशीच चिखलाने माखलेली पुढे चढून बसले.

कमी हवेवर डांबरी रस्त्याने जोरात जाता येत नाही, गाडी डुलते आणि टायर तापून फाटतो. म्हणून डांबरीवर येताच मी एकनाथांना पुन्हा फोन करून तयार राहायला सांगितलं. आमचं दुकान कर्जतच्या वाटेवरच. ते हवेची नळी हातात धरून रस्त्यात उभे होते. जीप थांबताच त्यांनी पुढच्या चाकाला नळी लावली.

मागून सुगंधी ओरडली, "अरं हवा कसली भरताय, माजा जीव चाललाय इथं!"

कळांमधलं ते तिचं पहिलं वाक्य. पारू रडता रडता हसली. मला इतकं बरं वाटलं ते ओरडणं ऐकून, की काय सांगू. चारही चाकं भरून झाली आणि आम्ही कर्जत गाठलं. दवाखान्यात तिला लगेच आत घेतलं. ऑपरेशन करून मुलगी झाली. लहानशी, पण आवाज आईचा.

चार दिवसांनी मला आणि भिवाला पोलीस ठाण्यात बोलावणं आलं. शेठची तक्रार होती, कुंपण मोडलं, खासगी जागेत घुसले, गाडीत बेकायदा बदल केलेत. मी एकटी जाणार होते. सकाळी दुकान उघडायला गेले तर दारात ऐनवाडीच्या बायका बसलेल्या, सुगंधीची म्हातारी आजेसासू धरून. त्या ओहोळ ओसरल्यावर चालत आल्या होत्या. सगळ्या मिळून गेलो.

साहेबांनी शांतपणे विचारलं, "बाई, कुंपणाचे दगड तुम्ही काढलेत?"

"काढले. पहिला मी काढला."

"चर ओलांडला?"

"ओलांडला. पुन्हा वेळ आली तर पुन्हा ओलांडीन. तसं लिहून घ्या."

बाहेर ओट्यावरून आजेसासूचा आवाज आला, "माजं पण नाव लिवा!" मग एकेक करून सगळ्यांची नावं सुरू झाली. साहेबांनी लिहिणं थांबवलं, कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "तुम्ही वाटेसाठी तहसीलदारांकडे अर्ज का नाही करत?" ते टाळायला म्हणाले की मदत म्हणून, मला आजही ठरवता आलेलं नाही. पण आम्ही बाहेर पडलो ते सरळ तहसीलमध्येच गेलो. गाडीची तपासणीही झाली. टायर मंजूर मापाचे होते, मडगार्डच्या आत होते. गाडी सोडून दिली.

वाटेचं प्रकरण हिवाळाभर चाललं. तारखांना मी दुकान बंद ठेवून जायची. दारावर खडूने लिहायची, 'ऐनवाडीच्या वाटेसाठी तहसीलला गेले आहे. हवा पुढच्या दुकानात मिळेल.' पुढच्या दुकानवाल्याला माझ्यामुळे किती धंदा मिळाला, ते त्यालाच माहीत. शेवटी अधिकारी जागेवर आले, गावच्या नकाशात वाट होतीच, म्हाताऱ्यांनी साक्षी दिल्या. वाट मोकळी करायचा हुकूम झाला. जेसीबी आला आणि चर बुजवला. शेठ आले नव्हते. मॅनेजर आला होता. त्याने मला लांबून नमस्कार केला आणि मीही केला.

मला एका गोष्टीची खंत आहे. भिवाचा मेव्हणा, पारूचा भाऊ, या सगळ्यात कुठेच नाही. वाट मोकळी झाल्याचं ऐकून जो तो मला शाबासकी द्यायला आला, तेव्हा पारू मात्र कोपऱ्यात बसून होती. मी जवळ गेले तर म्हणाली, "एक पावसाळा आदी झालं असतं ना ताई."

उन्हाळ्यात भिवा जीप घेऊन दुकानात आला. मला वाटलं हवा भरायला. तो म्हणाला, "ताई, हे टायर काढा. आदीचे घाला."

मी उडालेच. "का रे? काय झालं?"

"वाट चांगली झाली. आता कशाला? डिझेल पिते, स्टेरिंगनी दंड दुखतात. आन म्हाताऱ्यांना चढता येत नाय वर. आजी म्हणते, मला पोत्यासारखी उचलून टाकता."

मी एवढे तोटे सगळ्या जगाला सांगत आले, पण म्हातारीचा पाय पायरीवर पोचत नाही हा तोटा माझ्या कधी लक्षात आला नव्हता. एकनाथांनी जीप उचलली. टायर मी स्वतः काढले. मोठे टायर काढून घ्यायला हसत आलेला माणूस मला त्या एकाच दिवशी भेटला. भिवा बारक्या टायरांवर वाटेने घरी गेला, आणि त्याच्याबरोबर आलेली ती आजी, सुगंधीची आजेसासू, पुढच्या सीटवर स्वतःच्या पायाने चढून बसलेली मी बघितली.

ते पाच टायर आमच्या दुकानात मागच्या बाजूला उभे आहेत. आडवे रचले तर खालचे दबतात, म्हणून उभे. मधूनमधून मी ते फिरवून ठेवते.

परवा रिसॉर्टचा मॅनेजर आला होता. आता त्यांच्या गाड्या माझ्याकडे येतात. वाट मोकळी झाल्यावर मी काम घ्यायला लागले, शब्द दिला होता म्हणून. त्याची नजर त्या टायरांवर गेली. "ताई, हे चांगले आहेत की. ठोकळे अजून शाबूत आहेत. आमच्या जुन्या जीपला होतील. द्या ना."

"विकायचे नाहीत."

"नुसते पडून आहेत. रबर आहे, पडून पडून कडक होईल, चिरेल. तुम्हीच सांगता ना."

"होईल. मग नवे आणून ठेवीन."

"पण कशासाठी ताई? वाट तर झाली."

"झाली ना," मी म्हटलं. "शेठना सांग, पुन्हा चर खणावासा वाटला तर टायर तयार आहेत."